विक्रोळीला जायचे होते, बस्स!

मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या माणसाचे नशीब तळहातावर नसते, रेल्वेच्या टाइमटेबलात असते. कुंडलीतल्या शनीला तेल वाहून तरी शांत करता येते, पण सुटलेल्या शेवटच्या लोकलला कुठले तेल वाहणार? या विषयावर कुणीतरी सिनेमा काढायलाच हवा होता. संजय खंडुरी या दिग्दर्शकाने 2007 साली तो काढला. नाव ‘एक चालीस की लास्ट लोकल’. भाषा हिंदी असली तरी आम्हा मध्य रेल्वेवाल्यांच्या दृष्टीने तो अगदी घरचा सिनेमा आहे.

गोष्ट अशी. नीलेश हा कॉल सेंटरमधला मुलगा (अभय देओल). कुर्ल्याला त्याची रात्री एक चाळीसची गाडी थोडक्यात चुकते. पुढची गाडी पहाटे चार दहाला. रिक्षा बंद. मधल्या अडीच तासांत त्याला एक गूढ बाई भेटते (नेहा धुपिया), मग दारू, जुगार, गुंड, गुंडांचे भाऊबंद आणि त्यांच्या बरोबरीने हात धुवून घेणारे पोलीस, असे सगळे यथासांग पार पडते आणि शेवटी त्याच्या पदरात पडतात अडीच कोटी रुपये. तासाला एक कोटी. एवढा ओव्हरटाइम आजवर कुणाला मिळाल्याचे ऐकिवात नाही.

आणि हे सारे रामायण कशासाठी? गृहस्थाला विक्रोळीला जायचे असते म्हणून!

विक्रोळी! म्हणजे कुर्ल्यानंतर विद्याविहार, घाटकोपर आणि मग विक्रोळी. मोजून तिसरे स्टेशन. अंधेरी-बोरिवलीचा प्रेक्षक इथे गुंडांना बघून घाबरत असेल; मुलुंड-घाटकोपरचा प्रेक्षक मात्र पहिल्या दहा मिनिटांतच खुर्चीत चुळबुळ करायला लागतो. आमच्या मजल्यावरचे एक गृहस्थ रेल्वेतून निवृत्त झालेले आहेत. टीव्हीवर हा सिनेमा लागला तेव्हा ते आमच्याकडेच बसले होते. त्यांनी बोटांवर हिशोब केला आणि जाहीर केले, “सात-आठ किलोमीटर. लालबहादूर शास्त्री मार्गाने नाकासमोर चालत सुटला असता ना, तर सव्वातीनला अंथरुणात!”

हिशोब बिनचूक. पण मला वाटते, सिनेमाची खरी अक्कल इथेच आहे. उपनगरातल्या माणसाला चालत जाण्याचे सुचतच नाही. त्याच्या नकाशात कुर्ला आणि विक्रोळी यांच्यामध्ये जमीन नसते, रूळ असतात. वीस-वीस वर्षे रोज कुर्ल्यावरून जाणाऱ्याला कुर्ला म्हणजे डाव्या बाजूला येणारा की उजव्या बाजूला येणारा प्लॅटफॉर्म, एवढेच ठाऊक. गाड्या थांबल्या की मग त्याला शोध लागतो की स्टेशनाबाहेरही एक गाव आहे आणि तिथे अशी माणसे आहेत, ज्यांना कुठलीच गाडी पकडायची नसते.

ही माणसे धंद्याने गुन्हेगार, पण काम आमच्या जुन्या हापिसातल्यासारखे. पैसे या हातातून त्या हातात असे फिरतात की जणू फाइल टेबलावरून टेबलावर चालली आहे, आणि प्रत्येक टेबलावर थोडे वजन ठेवावे लागते. खून व्हायचा तो होत नाही, होऊ नये तो होऊन बसतो. ज्याच्यावर विश्वास टाकावा तो नेमका चुकीचा. हसू येते ते या सावळ्या गोंधळाचे. मात्र जोवर पडद्यावरचे घड्याळ चालते आहे आणि नीलेशच्या खिशातल्या चिल्लरीचा हिशोब लागतो आहे, तोवरच. उत्तरार्धात दिग्दर्शक घड्याळ विसरतो आणि रक्त आठवतो. काही विनोद तर असे, की आमच्या सौ. तेवढ्या वेळापुरत्या पंख्याकडे बघत बसल्या.

न्यूयॉर्कमध्येही एकाची अशीच पंचाईत झाली होती. मार्टिन स्कॉर्सेसीच्या ‘आफ्टर अवर्स’ (1985) मधल्या कारकुनाची वीस डॉलरची एकुलती एक नोट टॅक्सीच्या खिडकीतून उडून जाते. मग भुयारी गाडीचे भाडे नेमके मध्यरात्रीपासून वाढलेले असते आणि खिशातली नाणी कमी पडतात. रात्रभर छळ सोसून तो सकाळी पोचतो कुठे, तर आपल्याच हापिसाच्या दारात. त्याच्या पदरात काहीही पडत नाही. हे मला फार खरे वाटले.

आणि मग आपले ‘जाने भी दो यारों’ आठवते. कुंदन शाह, 1983. त्यातलेही बदमाश धांदरटच. दारूच्या नशेत ओम पुरी शवपेटीला बंद पडलेली मोटार समजतो आणि मदत म्हणून आपल्या गाडीला बांधून ओढत नेतो. कमिशनरसाहेबांचे प्रेत तर शेवटी महाभारताच्या नाटकात द्रौपदी होऊन उभे राहते. आपण पोट धरधरून हसतो. पण पूल पडतो त्याचा आळ येतो दोघा भोळ्या फोटोग्राफरांवर. बदमाश सुटतात आणि ही पोरे कैद्यांच्या कपड्यांत आपल्याकडे बघून गळ्यावरून बोट फिरवतात. ते बोट बघून हसू घशातच अडकते.

1983 च्या सिनेमात सज्जन माणूस गुन्हेगारांच्या वाटेला गेला तर फास, 2007 च्या सिनेमात अडीच कोटी. मधल्या काळात 1991 साल येऊन गेले, कॉल सेंटरे आली, आणि आमच्या पिढीने जिथे मान खाली घातली असती तिथे आमचा मुलगा कोचावर बसून टाळ्या वाजवत होता. नीलेशच्या वाटेत जी माणसे मेली त्यांची आठवण त्या चार दहाच्या गाडीत कुणालाच नाही, नीलेशला नाही आणि दिग्दर्शकालाही नाही. ‘जाने भी दो’ मधल्या प्रेताला निदान शेवटपर्यंत सगळे शोधत तरी होते! नीलेश लफंगा असता तर तक्रार नव्हती. पण तो आपल्यातलाच, डबा घेऊन निघणारा मुलगा म्हणून समोर येतो, आणि म्हणूनच त्याचे ते समाधानी हसू मला बोचले.

हे मी बोलून दाखवले तेव्हा मुलगा म्हणाला, “बाबा, कॉमेडी आहे ती.” सौ. म्हणाल्या, “एवढे पैसे आले तर विक्रोळीत कशाला राहील तो?”

रेल्वेवाले गृहस्थ मात्र अजून गाडीतच होते. “ते सगळं ठीक आहे हो,” ते म्हणाले, “पण त्याचा पास सेकंडचा होता की फर्स्टचा?”