कृष्णाला मुकुट हवाच का?

‘संगीत सौभद्र’ हे देवांचे नाटक की घरातले? ते बसवायला घेणाऱ्या प्रत्येक हौशी संस्थेने वेशभूषा ठरवण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारावा. कारण परदेशातल्या आपल्या प्रयोगांत (आणि खरे सांगायचे तर पुण्या-मुंबईकडेही) त्याचे उत्तर पुष्कळदा भाड्याच्या पेटीतून येते. चमचमता मुकुट, जरीचा शेला, बाजूबंद, गळाभर खोटे मोती! आतला कृष्ण बिचारा मान वळवायलाही घाबरतो.

कथानक आठवा. थोरल्या बलरामाने बहिणीचे लग्न दुर्योधनाशी ठरवले आहे आणि तिचा जीव अर्जुनावर. धाकटा कृष्ण भावाशी भांडत बसत नाही, डाव रचतो. अर्जुन यतीच्या वेषात येतो, भोळा बलराम त्याला खरा साधू मानतो आणि त्याच्या सेवेला चक्क सुभद्रेलाच ठेवतो. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली रंगभूमीवर आणलेल्या या नाटकातला कृष्ण सुदर्शनचक्र फिरवून नव्हे, तर घरच्या माणसांचे स्वभाव ओळखून बाजी मारतो.

म्हणजे नाटकाचा कणा एक वेषांतर आहे! अर्जुनाची भगवी वस्त्रे हेच यातले खरे ‘सोंग’. बाकीची मंडळी रोजच्या कपड्यांत वावरणारी वाटली, तरच ते सोंग उठून दिसते आणि हशा पिकतो. सगळेच सजले तर सोंग कोणाचे, हे प्रेक्षकाने कसे ओळखायचे? रंगांचेही तेच. कृष्णाचा पीतांबर आणि यतीचा भगवा पिवळ्या प्रकाशझोतात जवळजवळ एक दिसतात. म्हणून कृष्णाला फिका, लिंबाच्या सालीसारखा पिवळा द्यावा आणि बलरामाला त्याचा परंपरागत निळा. भगवा एकट्या अर्जुनासाठी राखून ठेवावा.

देवांना घरचे कपडे घालण्याची कल्पना आपलीच आहे असेही नाही. मस्कतला २०११ साली रॉयल ऑपेरा हाऊस सुरू झाल्यापासून ऑपेरा हा शब्द आपल्या घरांतून परका राहिलेला नाही. त्याच ऑपेराच्या विनोदी शाखेत गिल्बर्ट आणि सलिव्हन ही इंग्रज जोडी गाजली. त्यांचे पहिले एकत्र काम ‘थेस्पिस’ १८७१ च्या डिसेंबरात लंडनला रंगमंचावर आले. त्यातले ग्रीक देव म्हातारे झालेले आहेत. डायना शाली गुंडाळून, पायात पावसाळी बूट घालून येते, तर अपोलो घरगुती झग्यात. ‘सौभद्र’च्या अवघी अकरा वर्षे आधीची ही गोष्ट. पण फरक पाहा. तिथे साधे कपडे देवाची फजिती दाखवतात, आपल्याकडे ते देवाला घरातला करतात. तिथे देवाला हसायचे, इथे देवाबरोबर.

यावर कोणी म्हणेल, “अहो, भरजरीपणा ही तर आपली परंपरा! बालगंधर्वांचे शालू विसरलात का?” विसरलो नाही. पण १९१६ च्या ‘स्वयंवर’मधली त्यांची रुक्मिणी बायकांना इतकी आपली का वाटली? तिची वस्त्रे भारी असली तरी खरी होती, घरच्या कार्यात नेसावी अशी. प्रेक्षकांतल्या बायका त्यांच्यासारखे नेसू लागल्या, केसांत गजरे माळू लागल्या. पत्र्याच्या मुकुटाचे असे अनुकरण कोणी केल्याचे ऐकिवात नाही! आणि तमाशातल्या गवळणीत तर एक पुरुष डोक्यावरून पदर घेतो आणि मावशी होतो. तेवढ्यावर कृष्णाची सगळी थट्टा रंगते.

मग हा मुकुट इतका घट्ट कसा बसला? राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि देवांच्या तसबिरी घराघरांत गेल्या. पुढे १९८७ साली ‘रामायण’ आणि १९८८ साली ‘महाभारत’ दूरदर्शनवर आले. आपल्या डोळ्यांत आज जो देव बसला आहे तो बराचसा तिथला. ‘सौभद्र’ या सगळ्याच्या आधीचे आहे. नंतरच्या चित्रांचे कपडे त्याच्यावर चढवायची सक्ती कशासाठी?

हा नुसता शिंप्याचा प्रश्न नाही. इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांना देव भेटतो तो बहुतेक पडद्यावर. दागिन्यांनी मढलेला, आशीर्वादाचा हात वर करून उभा. बहिणीच्या बाजूने उभा राहणारा, बायकोची समजूत काढणारा, थोरल्या भावाला न दुखवता वळवणारा कृष्ण त्यांना कोण दाखवणार? ते काम मराठी संगीत रंगभूमीने केले आहे. आपण मात्र त्याला पुन्हा तसबिरीत कोंडतो.

तेव्हा पुढच्या वेळी पेटी मागवण्याआधी मत्र्याच्या बाजारात एक चक्कर मारा. सुती किंवा साधे रेशमी कापड घ्या. ते हलके असते, गाणाऱ्याचा श्वास अडवत नाही आणि छातीवरच्या माइकमध्ये जरीइतके खरखरत नाही. लहान मुलांना कृष्ण ओळखू यायला हवा हे खरेच. त्यासाठी एक मोरपीस पुरे.