उजाडण्यापूर्वीचे गाणे

गेल्या वर्षी आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी आमच्या मंडळीत घडलेला प्रकार प्रथम सांगतो. कारण या लेखातील कडवटपणाचे मूळ त्यातच आहे, आणि समीक्षकाने आपल्या कडवटपणाचे मूळ वाचकांपासून दडवून ठेवू नये असे माझे मत आहे. वेदीपाशी हिरव्या डहाळ्यांच्या कड्यात चार मेणबत्त्या उभ्या होत्या. त्यांपैकी एकच पेटवण्यात आली. उरलेल्या तिघी आपापल्या रविवारची पाळी येईपर्यंत कोऱ्या वातीनिशी तशाच राहिल्या. पाळकसाहेबांनी रोमकरांस पत्रातला, रात्र ओसरत आल्याचा आणि झोपेतून उठण्याची घटका भरल्याचा मजकूर मोठ्या गांभीर्याने वाचला. आणि त्यांचे वाचन पुरे होते न होते तोच गायन मंडळाने कीबोर्डाचे घुंगरांचे बटण दाबून बाळ जन्मल्याची, मेंढपाळ धावत सुटल्याची आणि गव्हाणीत गवत अंथरल्याची द्वाही फिरवली. तीन वाती कोऱ्या, आणि बाळ मात्र हजर!

हा आमच्याच मंडळीचा दोष असता तर मी तो पाळकसाहेबांच्या कानावर घालून गप्प बसलो असतो. परंतु गेल्या दोन-तीन वर्षांत मुंबई, पुणे, अहमदनगर या बाजूंच्या ज्या ज्या उपासनांना बसण्याचा योग आला, आणि नाताळच्या सुमारास निघालेली जी जी नवी मराठी ख्रिस्ती गीते ऐकली, त्यांतून एकच गोष्ट ध्यानात आली: आगमनकाळ नावाचा काही काळ आहे, त्याला स्वतःचा रंग, स्वतःचा रस आणि म्हणून स्वतःचे गाणे आहे, ही जाणीवच आमच्या गीतनिवडीतून बरखास्त झाली आहे. माझ्याजवळ ‘उपासना संगीता’ची वडिलांच्या वेळची एक प्रत आहे. तिच्यातील ख्रिस्तजन्माच्या गीतांची पाने हाताळून हाताळून कडांना तपकिरी झाली आहेत. एका पानावर मेणाचे तीन थेंब आहेत, आणि दुसऱ्यावर कुणीतरी पेन्सिलीने ‘काळी चार’ अशी पट्टी टिपून ठेवली आहे. पुनरागमनाची गीते जिथे आहेत तिथली दोन पाने मात्र अजून एकमेकांना चिकटलेली आहेत. आमच्या गायनकलेच्या स्थितीविषयी याहून चांगला दाखला मला दप्तरे धुंडाळूनही मिळाला नसता.

चालू प्रवाहांचा हिशेब देणे समीक्षकाचे कर्तव्य असेल तर तेही उरकून टाकतो. इंग्रजी कॅरोलची चार आवाजांची मंडळे नेटाने सराव करतात, आणि त्यांचे गाणे ऐकताना आपण कुठल्याही देशात असल्यासारखे वाटते. हिंदीवरून मराठीत उतरवलेली स्तुतिगीते एकाच ओळीच्या बळावर बारा मिनिटे चालतात. सिनेमाच्या चालींवर बेतलेल्या नाताळगीतांविषयी लिहिणे म्हणजे त्या सिनेमांविषयी लिहिणे होय. वसईकडच्या कॅथलिक मंडळींनी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषेला मुभा दिल्यानंतर, मराठी मिस्सागीतांचा जो संसार उभा केला त्याविषयी मला आदर आहे. आगमनकाळात ‘ग्लोरिया’ गायचे नाही एवढी वहिवाट तरी त्यांच्याकडे शाबूत आहे. आम्हा प्रॉटेस्टंटांकडे तेवढाही अडसर नाही.

पाश्चात्त्यांचे अनुकरण हा या अनर्थाचा उगम आहे असे पुष्कळजण म्हणतात. मला ते पटत नाही. अनुकरणच करायचे होते तर धड अनुकरण तरी करावयाचे होते. बाखच्या काळी लायप्झिगच्या चर्चांमध्ये आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी कँटाटा गाइली जाई, आणि दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या रविवारी वाद्यमेळासहित गायन चक्क तहकूब असे. ज्या गावात बाख पगारावर होता, त्या गावाने तीन रविवार त्याचे गायन थांबवून धरावे, आणि नाताळच्या सकाळी तो साठलेला सूर एकदम मोकळा करावा, ही केवढी रसिकता! ३ डिसेंबर १७२४ रोजी, पहिल्याच रविवारी, त्याने जी कँटाटा सादर केली ती ल्यूथरच्या १५२४ मधील गीतावर रचलेली होती, आणि ल्यूथरचे ते गीत चौथ्या शतकातील अँब्रोजच्या लॅटिन स्तोत्राचे रूपांतर होते; अर्थात आगमनकाळाचे गाणे तब्बल तेराशे वर्षे हातोहात चालत आले होते. फिलिप निकोलाय याने १५९९ साली प्रसिद्ध केलेले पहारेकऱ्यांचे गीत तर प्लेगने गाव ओस पडत असताना लिहिले गेले; त्यात मध्यरात्री बुरुजावरून हाक येते आणि शहाण्या कुमारी दिव्यांसह जाग्या होतात. १७ ते २३ डिसेंबर या सात संध्याकाळी मरीयेच्या स्तोत्राच्या आगेमागे म्हणावयाच्या सात लॅटिन हाकाही अशाच: ज्ञाना, प्रभो, इशायाच्या मुळा, दाविदाच्या किल्ले, अरुणोदया, राष्ट्रांच्या राजा, इम्मानुएला, असे रोज एक नाव घ्यायचे आणि ‘ये’ म्हणायचे, आणि या सातांची लॅटिन आद्याक्षरे उलट्या क्रमाने लावली असता, ‘उद्या मी असेन’ असे उत्तर निघते. हे सारे सोडून आम्ही उचलले काय, तर दुकानांच्या दारात वाजणारी घुंगरे. (न्यायाची गोष्ट म्हणून नमूद करतो की, आयझॅक वॉट्सचे १७१९ मधील ते जगप्रसिद्ध आनंदगीत, जे प्रत्येक गायन मंडळ नाताळगीत समजून घसा फोडून गाते, ते मुळात अठ्ठ्याण्णवाव्या स्तोत्रावरून रचलेले असून त्यात गव्हाणीचा उल्लेखही नाही, ते प्रभूच्या राज्य करावयास येण्याचे गीत आहे. तेवढे एक आगमनकाळात गाण्यास माझी हरकत नाही. अजाणता का होईना, तिथे नेम बरोबर लागतो.)

आणि घरचे? ज्यांच्या भाषेत दिवाळीच्या मुऱ्हाळ्याची वाट पाहणारी सासुरवाशीण हीच भक्ताची प्रतिमा होऊन बसली आहे, त्या लोकांना वाट पाहण्याचे गाणे परक्यांकडून मागून आणावे लागावे, आणि तेही न आणता त्यांनी जन्मोत्सवाचेच गाणे महिनाभर आधी दामटावे, याला काय म्हणावे? फादर स्टीफन्सने १६१६ साली रायतूर येथे छापलेले ‘क्रिस्तपुराण’ आम्ही मराठीच्या गौरवासाठी उद्धृत करतो, शाळेच्या पुस्तकात घालतो, आणि मिटून ठेवतो. त्याची रचना कुणी पाहिली आहे काय? त्या इंग्रज जेजुइटाने आपल्या जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे दोन भाग केले, आणि पहिले पुराण अख्खेच्या अख्खे जुन्या कराराला, म्हणजे तारणाऱ्याच्या जन्मापूर्वीच्या त्या लांबलचक वाट पाहण्याला दिले. हजारो ओव्या वाचल्यावाचून त्याचा वाचक गव्हाणीपाशी पोचत नाही. सासष्टीच्या त्या नवख्रिस्ती श्रोत्यांना जो धीर होता, तो आमच्या मंडळींना चार रविवारांपुरताही नाही.

टिळकांचेही तेच. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा कवी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असे सांगत असे, आणि त्याच्या अभंगांत व भजनांत जी तहान आहे ती मराठी ख्रिस्ती वाङ्मयात त्याच्या आधी नव्हती आणि त्याच्यानंतर, दोन-चार अपवाद सोडता, दिसली नाही. परंतु आम्ही टिळकांना वर्षभर पुरवून वापरतो. वधस्तंभाच्या शुक्रवारी टिळक, प्रभुभोजनाला टिळक, अंत्यविधीला टिळक. आणि त्यांची तहान ज्या चार रविवारांना नेमकी शोभली असती, तेथे टिळकांना रजा!

या ठिकाणी मला जे मुख्यतः म्हणावयाचे आहे त्याकडे येतो. आगमनकाळाला मराठीत जर एखादा गीतप्रकार जन्मतः लाभलेला असेल तर तो भूपाळी होय, आणि तिच्या शेजारी वासुदेवाचे गाणे. भूपाळीची वेळ पाहा: उजाडलेले नाही, पण रात्रही उरलेली नाही. रोमकरांस पत्रातील ती घटका आणि भूपाळीची घटका एकच आहे. होनाजी बाळाने त्या वेळेचे जे चित्र काढले ते प्रत्येक मराठी माणसाच्या कानात असल्यामुळे, त्या सुरावटीची नुसती सुरुवात पेटीवर झाली तरी मंडळीला पहाट झाल्याचा भास व्हावा. मात्र एक फरक आहे, आणि सारी गंमत त्या फरकातच आहे. भूपाळीत भक्त देवाला उठवतो. आगमनकाळात देव भक्ताला उठवतो. आपण देवाच्या दाराशी उभे राहून हाका मारीत आहोत अशा समजुतीने गाणे सुरू व्हावे, आणि दोन कडव्यांनंतर ध्यानात यावे की निजलेले आपणच होतो, दार आपलेच बंद होते. असा कलाटणीचा डाव साधणारी एक जरी भूपाळी आमच्या एखाद्या कवीने लिहिली, तर तिच्यावरून मी शंभर गव्हाणी ओवाळून टाकीन. आणि वासुदेव! डोक्यावर मोरपिसांची टोपी, हातात चिपळ्या, गाव झोपेत असताना गल्लीतून नाव घेत जाणारा तो माणूस म्हणजे निकोलायच्या बुरुजावरचा पहारेकरीच की. एकनाथांनी त्याला भारुडात घेऊन अध्यात्म सांगायला लावले. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला, केसांची वस्त्रे नेसून रानात ओरडणाऱ्या त्या माणसाला, चिपळ्या देण्यास आमची हरकत काय? तो पाश्चात्त्य चित्रांतल्यापेक्षा आमच्या गल्लीत अधिक शोभेल.

उलट भाषांतरित कॅरोल मराठीच्या अंगावर का बसत नाही, तेही जवळून पाहण्यासारखे आहे. इंग्रजी चालीचा आरंभ पुष्कळदा समेच्या अलीकडे, एका हलक्या अक्षराने होतो. इंग्रजीत ती जागा उपपद किंवा शब्दयोगी अव्यय भरून काढते. मराठीला उपपद नाही, आणि आमचे प्रत्यय शब्दाच्या शेपटाला लागतात. त्यामुळे भाषांतरकार त्या रिकाम्या जागी ‘हे’, ‘तो’, ‘रे’ अशी भरताड कोंबतो, आणि कोंबायला काही न सापडल्यास शब्दाचे पहिले अक्षरच त्या खड्ड्यात लोटतो. अशाच एका गीतात ‘तारक’ हा शब्द चालीने असा ताणला गेला की ‘ता’ निसटता गेला, ‘र’वर सम आली, आणि शेवटच्या ‘क’ला दोन मात्रांचा आकार फुटून ‘तारका’ झाली. तारणारा गेला आणि चांदणी उरली! अभंगाच्या छंदात हे संभवत नाही. तिथे अक्षरे मोजलेली असतात, प्रत्येक अक्षराला सारखे आसन मिळते, आणि मृदंगाच्या ठेक्यावर कुठलाही मराठी शब्द पाय न घसरता चालतो.

आता तक्रारी. नाताळच्या सुटीत माणसे गावी जातात, म्हणून ती गीते आधी गाऊन घ्यावी लागतात, असे मला एका गायन मंडळाच्या प्रमुखांनी सांगितले. त्यांच्या गावी चर्च नसावे! तरुणांना संथ गाणे आवडत नाही, असे दुसऱ्यांनी सांगितले. ज्या प्रांतात दर आषाढात तरुणांच्या दिंड्या एकेका अभंगावर मैलच्या मैल चालतात, त्या प्रांतात हे विधान करण्यास मोठे धैर्य लागते. तिसरे म्हणतात, लोकांना आनंद हवा असतो. हवा असतोच, परंतु मरीयेचे स्तोत्र काय शोकगीत आहे? त्यात अधिपती सिंहासनांवरून खाली ओढले जातात, धनवान रिकाम्या हाती परत लावले जातात आणि भुकेल्यांची पाने वाढली जातात. हा आनंद घुंगरांच्या बटणातून निघणार नाही, आणि तो पहिल्या ओळीत ज्यांची झोप मोडू शकतो त्यांना कदाचित तेच नको असेल, असा संशय मी बाळगून आहे. जखऱ्या याजकाला देवदूताच्या शब्दावर विश्वास बसला नाही, तेव्हा योहान जन्मून त्याचे नाव ठेवले जाईपर्यंत त्याची वाचा बंद करण्यात आली. आमच्या गायन मंडळांना चार आठवडे तेवढी शिक्षा झाली तरी माझी ना नाही, कारण जखऱ्याची जीभ सुटली तेव्हा तिच्यातून काय निघाले ते लूकने लिहून ठेवले आहे.

१६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले आणि तीन वर्षांच्या मुदतीत पोर्तुगीज शिकण्याचा हुकूम दिला, म्हणून आपण त्याला आजही दूषणे देतो. आज आमच्यावर कोणाचे फर्मान आहे? ओवी कुणी जप्त केली? भूपाळीवर कुणाचा पहारा बसला आहे? आम्ही आपण होऊन, कुणी न सांगता, आपली पहाट विकून दुसऱ्यांची दुपार भाड्याने आणली, आणि २६ डिसेंबरला, जेव्हा सण खरोखर सुरू झालेला असतो तेव्हा, बसलेल्या घशाने सजावट उतरवायला लागलो.

यंदाच्या पहिल्या रविवारसाठी मी तीन गीतांचे आकडे चिठ्ठीवर लिहून गायन मंडळाकडे पाठवले आहेत. पहिले दोन अभंग आहेत. ते मंजूर झाले, कारण त्यांची चाल पेटीवाल्याला येते. तिसरा आकडा त्या चिकटलेल्या पानांपैकी एकावरचा आहे. तो खोडून बाजूला बारीक अक्षरात ‘चाल कोणती?’ असे लिहिलेली चिठ्ठी परत आली. मी खाली ‘भूपाळीची’ असे लिहून ती पुन्हा धाडली आहे. उत्तर यायचे आहे.