मारिओ एवढा धावतो कशाला? मॉड केलेला मिनी कन्सोल आणि ‘मूळ’ गेमचा प्रश्न

मे महिन्यात पूर्णगडला घरी होते. चुलतभावाने तळहातावर मावेल एवढा एक मिनी कन्सोल आणला होता, मॉड केलेला. रात्री जेवणं झाल्यावर त्याने टीव्हीला जोडून मारिओ लावला. काका दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, “काय रे, हा एवढा धावतो कशाला? आमचा एवढा धावत नसे.” सगळे हसले. भाऊ म्हणाला, “बाबा, मारिओ तोच आहे, तुम्ही स्लो झालात.” मीही हसले.

हसायला नको होतं. माझं पीएच.डी.चं काम घरगुती करमणुकीच्या आठवणींवर आहे, मुलाखती घेऊन केलेलं. आणि इथे मी एका साक्षीदाराला यंत्राच्या भरवशावर खोटं ठरवून मोकळी झाले होते.

आधी यंत्र समजून घेऊ. निन्टेन्डोचा ‘एनईएस क्लासिक’ नोव्हेंबर २०१६ मध्ये आला. आत ३० गेम, आणि नवीन गेम घालायची सोय नाही. या डबीत जुन्या कन्सोलची चिप नसते. आत लिनक्सवर चालणारा छोटा संगणक असतो आणि जुन्या चिपची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, म्हणजे एम्युलेटर. थोड्याच महिन्यांत ‘हाकची’ नावाचं साधन आलं. यूएसबी केबलने डबी कॉम्प्युटरला जोडायची, की नवे गेमही जातात आणि ‘रेट्रोआर्च’ही बसतं. रेट्रोआर्चमध्ये वेगवेगळ्या यंत्रांसाठी वेगवेगळे एम्युलेटर असतात, त्यांना कोअर म्हणतात. भावाच्या डबीत हेच केलेलं होतं.

मॉडिंगचं कौतुक करताना नेहमी म्हटलं जातं, की बंद डबी उघडली, गेम मूळ रूपात मिळाला. पहिलं खरं आहे. दुसऱ्यावर माझा आक्षेप आहे. मूळ म्हणजे कुणाचं मूळ?

त्या काळचे बहुतेक गेम टीव्हीच्या तालावर चालायचे. पडद्यावर दर नव्या चित्रागणिक गेम एक पाऊल पुढे सरकायचा. जपान-अमेरिकेत सेकंदाला ६० चित्रं, भारतात आणि बऱ्याच युरोपात ५०, कारण आपली टीव्ही-पद्धत पाल. त्यामुळे वेगळी दुरुस्ती केलेली नसेल, तर साठच्या तालावर पाच सेकंदांत होणाऱ्या गोष्टीला पन्नासच्या तालावर सहा सेकंद लागतात. आपल्याकडे घरोघरी जे ‘व्हिडिओ गेम’ आले, ते बहुतेक जपानी फॅमिकॉमच्या नकला होते. पाल टीव्हीसाठीच्या अशा नकलांमध्ये चिपच्या घड्याळाचा वेग जवळपास जपानी मशीनइतकाच ठेवलेला असे, चित्रं मात्र पन्नास. याचा परिणाम मजेदार आहे: आवाजाची पट्टी घड्याळावर ठरते आणि लय चित्रांवर. म्हणजे सूर जवळजवळ तोच, लय संथ.

भावाच्या डबीतला मारिओ साठच्या तालावर चालत होता. काकांची आठवण चुकीची असेलही, पण तिच्यामागे तांत्रिक कारण असू शकतं, आणि आम्ही ते शोधलंच नव्हतं.

आता उलट उदाहरण बघा. सोनीचा ‘प्लेस्टेशन क्लासिक’ डिसेंबर २०१८ मध्ये २० गेम घेऊन आला. आत ‘पीसीएसएक्स रीआर्म्ड’ हा मुक्त-स्रोत एम्युलेटर होता. अमेरिका-युरोपात विकलेल्या डबीत २० पैकी ९ गेम पाल आवृत्तीचे निघाले, टेकन ३ सुद्धा. समीक्षकांनी झोडपलं. मॉड करणाऱ्यांनी साठच्या आवृत्त्या घातल्या. खेळणाऱ्याच्या दृष्टीने हे योग्यच झालं. पन्नासचा गेम साठच्या पडद्यावर दाखवला की चित्र अडखळतं, आणि तसं अडखळणं पूर्वी कुणीच पाहिलेलं नव्हतं. पण या टीकेत ‘पन्नास म्हणजे बिघाड’ हे गृहीतही शिरलं. युरोपातल्या आणि आपल्याकडच्या कितीतरी मुलांसाठी तो बिघाड नव्हता. तेच त्यांचं बालपण होतं.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ अशी जवळपास अर्धं शतक खपून केली. तिच्या पानाखाली पाठभेद दिलेले आहेत. संपादकांनी एक पाठ वर घेतला, पण बाकीचे पुसले नाहीत. मॉड केलेली डबी हीसुद्धा एक संपादित आवृत्तीच आहे, फक्त पाठभेद न देणारी. तुम्ही कोणता कोअर निवडला, वेग किती ठेवला, हे पडद्यावर दिसत नाही. म्हणून ते लिहायची जबाबदारी आपली.

तुमच्या पद्धतीच्या प्रकरणात ‘गेम रेट्रोआर्चवर खेळून पाहिला’ एवढंच वाक्य असेल, तर ते अपुरं आहे. निदान एवढं तरी लिहा:

१. कोणतं उपकरण, कोणता कोअर, कोणती आवृत्ती.
२. प्रदेश आणि वेग: ५० की ६०.
३. गेमची फाइल कुठली आणि तिचा हॅश काय, म्हणजे दुसऱ्याला तीच फाइल ओळखता येईल. स्वतःच्या कॅसेटवरून काढली, की नेटवरून उतरवली? उतरवली असेल तर कॉपीराइटचा प्रश्न वेगळा उभा राहतो.
४. कोणत्या सोयी चालू होत्या. रिवाइंड चालू ठेवून ‘कॉन्ट्रा’ किती अवघड होता यावर लिहू नका. ‘रन-अहेड’ बटण दाबणं आणि पडद्यावर हालचाल दिसणं यांतला उशीर कमी करतं. कधीकधी तर मूळ यंत्राहूनही कमी.

मीही एक चूक केली, तीही सांगते. दुसऱ्या दिवशी ‘नेस्टोपिया’ कोअरच्या सेटिंगमध्ये ‘डेंडी’ हा पर्याय निवडला. डेंडी ही रशियात खपलेली अशीच एक नक्कल, पन्नासच्या तालावरची. काकांना म्हटलं, “आता हळू केलाय, बघा.” ते म्हणाले, “हां, हा आमचा.” मला आनंद झाला, पण पुरावा म्हणून हे उत्तर शून्य किमतीचं आहे. उत्तर मीच त्यांच्या तोंडात घातलं होतं. दोन्ही वेग न सांगता, क्रम बदलत, अनेकदा दाखवायला हवे होते. आणि एकटे काका पुरेसे नाहीत, त्यांच्याबरोबर खेळलेली वाडीतली बाकी मंडळीही हवीत.

जुना व्हिडिओ गेम माळ्यावर सापडलाय. खाऱ्या हवेने आतून गंजलाय, सुरू होत नाही. पण चिपवरचा नंबर वाचता आला तर मशीन कोणत्या तालाची होती ते ठरवता येईल. म्हणजे बंद पडलेलं यंत्रही काकांच्या बाजूने किंवा विरुद्ध साक्ष देऊ शकतं. भाऊ म्हणतो, भंगारात टाक. मी ते पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवलंय आणि वर चिठ्ठी लावली आहे: गणपतीत घरी येईपर्यंत कुणी हात लावू नये.