सहीची कुचाळकी, बिनसहीची कुचाळकी

नटनट्यांच्या भानगडी छापणारी पत्रकारिता थिल्लर म्हणून बाजूला सारण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ती मान्य नाही. नेरसारख्या तालुक्याच्या गावी 'केसरी' न वाचलेल्या माणसानेही न्हाव्याच्या दुकानात 'रसरंग' चाळलेला असायचा. ज्या लेखनाला एवढा वाचक आहे त्याची समीक्षा व्हायलाच हवी, आणि ती लेखन म्हणून व्हावी.

बड्या घरातली आतली गोष्ट छापण्याची किंमत मराठी पत्रकारितेने फार लवकर मोजली. कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांची म्हणून जी पत्रं 'केसरी' आणि 'मराठा'ने छापली, ती बनावट निघाली. 1882 साली टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. हेतू उदात्त होता, पण कागद खोटा होता. तरी लिहिणारे कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि शिक्षा त्यांनीच भोगली. पुढच्या सगळ्या इतिहासाकडे मी याच कसोटीने पाहतो.

या कसोटीवर बाबूराव पटेल विचित्रपणे उतरतात. 1935 साली मुंबईत सुरू झालेलं त्यांचं 'फिल्मइंडिया' इंग्रजी होतं, पण त्यातला फटकळपणा अस्सल मराठी होता. वाचकांच्या प्रश्नांना ते जी उत्तरं देत, त्यांच्यासाठी लोक अंक विकत घेत. नट्यांच्या रूपावर त्यांनी लिहिलेलं पुष्कळसं क्रूर आहे आणि आज वाचताना संताप येतो. पण तो माणूस आडून बोलत नव्हता. ज्याला भांडायचं त्याला दार माहीत होतं.

नाशिकच्या 'गावकरी'च्या 'रसरंग'ने वेगळी वाट धरली. सिनेमा आणि क्रिकेट एकाच साप्ताहिकात आणून त्याने मराठी वाचकाची घडणच बदलली. इसाक मुजावरांसारखा जाणकार त्यात लिहायचा. किस्सा सांगता सांगता तो कोणत्या स्टुडिओतला, कोणत्या चित्रपटाच्या वेळचा, हेही वाचकाला कळायचं. गप्पांमधून चित्रपटाचा इतिहास जमा होत गेला, आणि हे काम विद्यापीठांनी केलेलं नव्हतं.

1971 साली वारं फिरलं. ऑक्टोबरात नारी हिरा यांचं 'स्टारडस्ट' निघालं. पहिल्याच अंकाने राजेश खन्नाच्या गुप्त लग्नाचा प्रश्न मुखपृष्ठावर टांगला. संपादक होती राजाध्यक्ष घराण्यातली तरुण शोभा, म्हणजे आजच्या शोभा डे. तिथली भाषा खट्याळ होती, इंग्रजीत हिंदी मिसळणारी होती आणि ताजी होती. ते श्रेय द्यायलाच हवं. पण त्यातल्या सर्वांत तिखट सदराची लेखिका 'नीता' हा निव्वळ मुखवटा होता. आडून बोलण्याची सोय तिथे झाली, आणि ती सगळ्यांच्याच सोयीची ठरली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अभिनेत्री हंसा वाडकर गेल्या. त्यांचं आत्मकथन 'सांगत्ये ऐका' आधी 'माणूस'मधून आलं आणि 1970 मध्ये पुस्तक झालं. त्यात लग्न, दारू, फसवणूक असं गॉसिप मासिकाला लागणारं सगळं आहे. फरक एकच, की सांगणारी बाई स्वतः आहे. शब्दांकन दुसऱ्याचं असलं, तरी भोगलेल्या आयुष्यावरचा हक्क तिने स्वतःकडेच ठेवला. श्याम बेनेगलांचा 'भूमिका' (1977) याच पुस्तकातून उभा राहिला. प्रसिद्ध माणसाच्या खासगी आयुष्यावर मराठीत यापेक्षा मोठं लेखन झालेलं मला माहीत नाही.

नंतर 'चंदेरी' आलं. गौतम राजाध्यक्ष संपादक असल्यामुळे छायाचित्रांना प्रतिष्ठा आली आणि कलावंताकडे अदबीने पाहणारं मराठी पाक्षिक मिळालं. ते टिकलं नाही, याची हळहळ वाटते.

आज काय आहे? 'या अभिनेत्रीला ओळखलंत का?' असं विचारणारा मथळा, खाली इन्स्टाग्रामवरून उचललेला फोटो आणि चार ओळी. बातमी बहुधा कलाकाराच्या प्रसिद्धी यंत्रणेनेच पुरवलेली असते. धाडस संपलं, अभ्यासही संपला. बाबूरावांचा विखार गेला हे बरंच झालं; पण त्याबरोबर त्यांचं चित्रपटाचं ज्ञान आणि त्यांची सहीही गेली.

याहून वाईट भाग तालुक्याच्या पातळीवर आहे. मोठ्या नटाकडे वकील असतो, म्हणून त्याच्याबद्दल जपून लिहिलं जातं. पळून गेलेल्या पोरीकडे, पोलीस ठाण्यात बसलेल्या शेतकऱ्याच्या मुलाकडे कोणी नसतं. त्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून गावभर फिरतात, वर 'खळबळजनक' असा शब्द, खाली कोणाचंच नाव नाही. सिनेमाच्या मासिकांनी शोधलेलं तंत्र आता निनावी हातांनी निराधार माणसांवर चालवलं जातंय.

नेर, दारव्हा, दिग्रस या पट्ट्यात मोबाइलवर पोर्टल आणि यूट्यूब चॅनल चालवणारी पोरं मेहनती आहेत, त्यांच्याबद्दल मला आकस नाही. त्यांना एवढंच विनवतो: बातमीखाली आपलं पूर्ण नाव टाका, छापण्याआधी दुसऱ्या बाजूला एक फोन लावा, आणि ज्या मुलीने फोटो दिलेला नाही तिचा फोटो वापरू नका.