देवाला म्हणून निघालेली सहल

कादंबरीवर टीका लिहितात, नाटकावर लिहितात, एखाद्याच्या गाण्यावरही लिहितात. मग ज्या बागेत तिकीट काढून आपण लेकराबाळांसह एक सबंध दिवस घालवतो, तिच्यावर कोणी का लिहू नये? नाटक तीन तासांत आटोपते. ही बाग सकाळपासून दिवेलागणीपर्यंत आपल्याला ताब्यात ठेवते. कोठून आत शिरायचे, प्रथम काय दिसायचे, कोठे थांबायचे, हे सारे कोणीतरी आधीच ठरवलेले असते. ज्या गोष्टीत योजना आहे आणि जिचा माणसाच्या मनावर परिणाम होतो, ती टीकेच्या कक्षेत येते, एवढे तरी वाचक मान्य करतील. फराळाचे ताट शेजारी ठेवून हा अंक वाचणाऱ्या कुटुंबवत्सल वाचकांना तर हा विषय परका वाटू नये. सुट्टीत कोठे जायचे याची चर्चा त्यांच्या घरी याच वेळी चालू असणार.

जत्रा आपल्याला जुनी आहे. आकाशपाळणा, रेवड्या, गोडीशेव, हरवलेले पोर आणि त्याला शोधणारा बाप हे दृश्य बुलढाणा जिल्ह्यात सैलानीच्या यात्रेपासून गावच्या उरुसापर्यंत सर्वत्र दिसते. पण जत्रेतले प्रत्येक दुकान आपल्यापुरते असते. पाळणेवाल्याला रेवडीवाल्याशी कर्तव्य नसते. थीम पार्क म्हणतात ते याहून वेगळे आहे. तेथे पाळणा, रस्ता, झाड, दिवा, इतकेच काय पण बसायचा बाकही एकाच कथेच्या सूत्रात ओवलेला असतो. कोपनहेगनची टिवोली बाग १८४३ साली उघडली. वॉल्ट डिस्ने १९५१ साली ती पाहून आला आणि १७ जुलै १९५५ रोजी त्याने कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले. फाटकातून आत आलेल्या माणसाला सरळ रस्त्याच्या टोकाशी एक किल्ला दिसावा आणि त्याचे पाय आपोआप तिकडे वळावेत, अशी तिथली रचना होती. ही रचना ज्याने योजली तो माणूस गोष्ट सांगणाराच होता, यात शंका नाही.

तथापि, पहिल्या दिवशी त्या जगप्रसिद्ध उद्यानात काय झाले? नळ बसवणाऱ्या कामगारांचा संप झाला होता. संडास तरी पुरे करा, नाहीतर पिण्याच्या पाण्याचे नळ तरी पुरे करा, अशी वेळ आली. डिस्नेने संडास निवडले. ऊन कडक होते आणि लोक पाण्यासाठी कासावीस झाले. किल्ला उभा राहिला, पण घोटभर पाणी मिळेना. ही हकीकत मी ध्यानात ठेवली आहे, कारण पुढे जे सांगायचे आहे तेही पाण्याभोवतीच फिरते.

महाराष्ट्रात गोराईला एस्सेलवर्ल्ड १९८९ साली निघाले. खोपोलीजवळ इमॅजिका २०१३ साली. पण आमच्या जिल्ह्यातल्या माणसाने भव्य बाग म्हणून पहिल्यांदा जे पाहिले ते शेगावचे आनंद सागर होय. ते श्री गजानन महाराज संस्थानाने या शतकाच्या आरंभी उभारले. मोठे तळे, तळ्यातल्या बेटावर कन्याकुमारीच्या विवेकानंद स्मारकाच्या धर्तीवर ध्यानकेंद्र, बागेतून फिरणारी लहानशी आगगाडी, संतांच्या मूर्ती, मुलांची खेळणी, संध्याकाळी संगीताच्या तालावर नाचणारी कारंजी आणि सर्वत्र झाडी. तिकीट माफक होते.

ते उघडून थोडी वर्षे झाली होती, तेव्हा आमचे कुटुंब प्रथमच तेथे गेले. आमच्या दादाने या सहलीचा बेत आठ दिवस आधी आखला. गतवर्षीच्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर त्याने वेळापत्रक लिहिले. सहाला बुलढाण्याहून निघणे, बोथ्याच्या जंगलातून खामगाव, नऊला शेगाव, दहापर्यंत दर्शन, मग आगगाडी, मग खेळणी, मग बेट, मग कारंजी. प्रत्येक नावापुढे मिनिटे लिहिली होती. दादा खात्यात नोकरीला होता. त्याच्या हिशेबात चूक निघणे कठीण. फक्त एक गोष्ट त्यात नव्हती. चिखली तालुक्यातल्या खेड्यात राहणारी, गुडघे धरलेली आमची आत्या किती चालते, हे त्याने कोणाला विचारले नव्हते.

खरे म्हणजे आत्या यायलाच तयार नव्हती.

“मले कायले नेता रे बाग-बिग पाह्यले? मी का लहान पोर आहो?”

वहिनी म्हणाली, “आत्याबाई, महाराजांचं दर्शन होईल. बागेत नका फिरू, बसून राहा.”

“दर्शनाले येतो,” आत्या म्हणाली आणि लुगड्याची घडी काढायला उठली.

शेगावात दर्शनाची रांग लांब होती. दादाचे दहा वाजण्याचे स्वप्न तेथेच मोडले. आत्या मात्र रांगेत अत्यंत सुखात होती. पुढच्या बाईचे माहेर, तिच्या पुढच्या बाईच्या सुनेचे बाळंतपण, सारे तिला तासाभरात कळले. महाप्रसाद घेऊन आम्ही बागेत पोचलो तेव्हा ऊन कलायला लागले होते. दादाने पुतण्यांना हाताशी धरले आणि राहिलेली मिनिटे वसूल करायला तो धावत सुटला. वहिनी आणि आत्या तळ्याच्या काठी सावलीत बसल्या. शिदोरी वहिनीजवळ होती. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. बेत दादाने आखला होता, पण पहाटे चारला उठून तो खाण्याजोगा केला होता वहिनीने. तिचे नाव कॅलेंडरच्या पानावर कोठेच नव्हते.

संध्याकाळी गाडीत दादाने मुलांना विचारले, “काय काय पाहिलं, सांगा.” मुलांना क्रम आठवेना. आगगाडी आधी की झोके आधी, यावर त्यांचे भांडण जुंपले. मग कोणीतरी आत्याला विचारले.

“म्या पानी पाह्यलं,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, “इतकं पानी, अन् कोनी भरून ने म्हनत नव्हतं.”

या एका वाक्याने माझी त्या बागेविषयीची टीका पुष्कळशी लिहून टाकली आहे. मी फक्त विस्तार करतो.

टीकाकाराला आनंद सागराचा पहिला दोष दिसतो तो अनुकरणाचा. कन्याकुमारीचे स्मारक १९७० साली उभे राहिले. त्याचा अर्थ त्याच्या दगडी बांधणीत जितका आहे, त्याहून अधिक भोवतालच्या समुद्रात आहे. देशाची भूमी जेथे संपते तेथे एक संन्यासी खडकावर बसला, ही ती कल्पना. ती उचलून वऱ्हाडच्या काळ्या मातीत खणलेल्या तळ्यात ठेवली, तर आकार येतो आणि अर्थ मागे राहतो, असे कोणी म्हटले तर ते अगदीच खोटे नाही. पण आपल्या परंपरेत ‘प्रति’ या शब्दाला नकलेचा वास नाही. शेगावलाच विदर्भाची पंढरी म्हणतात. ज्याला पंढरपूर गाठता येत नाही त्याच्यासाठी पंढरी जवळ आणायची, हा आपल्याकडे दयेचा प्रकार समजला जातो. आत्या कन्याकुमारीला कधी जाणार नव्हती. तिच्यापुरते ते बेट लबाडीचे नव्हते. म्हणून या आक्षेपाला मी अर्धेच गुण देतो.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. बागेत दूरदेशीचे पुष्कळ होते. ज्या मातीत ती उभी आहे त्या मातीचे मला त्या दिवशी फारसे दिसले नाही. याच जिल्ह्यात लोणार आहे. उल्का आदळून काळ्या पाषाणात पडलेले ते विवर आणि त्यातले खारे पाणी पाहायला जगभरचे शास्त्रज्ञ येतात, आणि २०२० साली त्या सरोवराला रामसर यादीत स्थान मिळाले. याच जिल्ह्यात जिजाऊंचे सिंदखेडराजा आहे. कपाशीची शेते आहेत, खामगावचा चांदीचा बाजार आहे. थीम पार्क जर एका कथेचे सूत्र धरून चालत असेल, तर वऱ्हाडची कथा हे सूत्र का असू नये? पोराने घरी येऊन ‘आपल्या गावाजवळ एवढे आहे काय?’ असे विचारावे, हे मोठे यश झाले असते.

आता गुणाकडे येतो. कोरड्या मुलखात माणसाला करमवायचे कशाने? डिस्नेने किल्ला निवडला. या बागेच्या रचनाकारांनी तळे निवडले. मला ही निवड मर्मज्ञ वाटते. उन्हाळ्यात ज्यांच्या गावी टँकरची वाट पाहिली जाते, ज्या बाईने आयुष्यभर विहिरीपासून घरापर्यंत हंडे वाहिले, तिला पाणी हे काम म्हणून ठाऊक असते. नुसते पाहण्यासाठी पाणी असू शकते, त्याच्या काठी रिकाम्या हाताने बसता येते, हा अनुभव तिला कोणत्याही पाळण्याने दिला नसता. अर्थात ज्या गुणावर बाग उभी, तिचे दुबळेपणही त्यातच. पाऊस रुसला की पाण्याच्या बागेपुढे प्रश्न उभा राहतो, आणि गावाला प्यायला नाही तेव्हा कारंजे नाचवावे काय, हा प्रश्न रसिकतेने सुटणारा नाही.

पण त्याहून मोठा गुण दुसराच. आत्या घराबाहेर पडली ती ‘देवाला’ म्हणून. तिच्या सबंध आयुष्यातला प्रवास मोजला तर लग्ने, बाळंतपणे, मयती आणि देव, यापलीकडे काही निघणार नाही. करमणुकीसाठी बाहेर पडणे तिला लाजेचे वाटे. तिकिटाने प्रवेश मिळतो, परवानगी मिळत नाही. ती मनाला मिळावी लागते. मंदिराच्या संस्थानाने बाग काढली आणि वऱ्हाडातल्या हजारो आयाबायांना, त्यांनी न मागता, ती परवानगी मिळाली. दर्शनाला म्हणून आलेली बाई झाडाखाली पाय पसरून बसली आणि तिला कोणी ‘काय करतेस?’ म्हणून विचारले नाही. यात थोडा ढोंगीपणा आहे काय? असेलही. करमणुकीला भक्तीचे पांघरूण का लागावे, असे नव्या पिढीने जरूर विचारावे. पण ज्यांना उघड्याने हसता आले नाही, त्यांना त्या पांघरुणाखाली का होईना, हसता आले, हे विसरून टीका करणे मला अन्यायाचे वाटते.

या गुणाची किंमत मला पुढे कळली. कमावत्या झालेल्या पुतण्याने आम्हाला दूरच्या एका मोठ्या उद्यानात नेले. तेथे जादा पैसे भरले की रांग चुकते. आम्ही भरले आणि भराभर पुढे गेलो. शेजारच्या रांगेत आपल्या बापाचा हात धरून उभी असलेली एक मुलगी आमच्याकडे पाहत होती. पाळणा उंच होता, यंत्रे निर्दोष होती, मला मजाही आली. पण शेगावच्या रांगेत आत्याने जे मिळवले होते ते येथे कोणालाच मिळत नव्हते. रांग हा तेथे फक्त अडथळा होता, आणि तो कोणी विकत घेऊन काढू शकत होते.

मग पहिल्यांदा अशा बागेला निघणाऱ्या कुटुंबाने बेत आखावा कसा? बेत ही एक प्रकारची आगाऊ लिहिलेली टीका असते. कशाला महत्त्व द्यायचे ते आपण पाहण्यापूर्वीच ठरवतो. म्हणून तो बेतानेच आखावा. प्रथम घरात सर्वांत हळू कोण चालते ते पाहावे आणि दिवस त्याच्या पायांनी मोजावा. प्रत्येकाने एकच हट्ट सांगावा, लहानाने आणि म्हाताऱ्यानेही. आणि शिदोरी बांधणारीला तो सर्वांत आधी विचारावा. फाटकापाशी गर्दी साचते म्हणून शक्य तर दूरच्या टोकापासून आरंभ करावा. भर दुपार सावलीला द्यावी. चुकामूक झाली तर कोठे भेटायचे ते झाड आत शिरताच ठरवावे. पाणी सोबत घ्यावे. डिस्नेच्या पाहुण्यांचे काय झाले ते वर सांगितलेच आहे. आणि यादीतली एखादी गोष्ट जाणूनबुजून पाहायची ठेवावी, म्हणजे परतताना बोलायला काहीतरी उरते.

शेगावला जाणाऱ्यांनी आणखी एक करावे. आनंद सागर मध्यंतरी बराच काळ बंद होते. पुढे त्याचा काही भाग पुन्हा उघडला. म्हणून काय उघडे आहे याची संस्थानाकडे चौकशी करूनच मुलांना शब्द द्यावा. मुलांना दिलेला शब्द मोडण्यापेक्षा सहल लांबलेली बरी.

बाग बंद झाल्याचे कळले तेव्हा आत्या राहिली नव्हती. दादाला मात्र वाईट वाटले. कपाटात जुने कागद चाळताना त्याला ते कॅलेंडरचे पान सापडले. मिनिटांचा हिशेब जसाच्या तसा होता. त्याने पेन घेतले, सर्वांत वर आत्याचे नाव लिहिले, त्याखाली वहिनीचे, आणि पान पुन्हा घडी करून ठेवून दिले.