लिंकन विमानांतील भूत

भुताखेतांच्या गोष्टी टीकेच्या कक्षेंत येतात काय, असें कोणी विचारल्यास आम्ही होय म्हणूं. गोष्ट खरी कीं खोटी हें ठरविणें शास्त्रज्ञाचें काम. परंतु ती कोणत्या जागेस चिकटली, ऐकणाराच्या मनांत कोणता भाव जागा करते, आणि तो भाव त्या प्रसंगास शोभतो कीं नाहीं, हें पाहणें टीकाकाराचेंच काम आहे. अलीकडे इंग्लंड-अमेरिकेंत या बाबतींत एक नवा प्रयोगप्रकार रूढ झाला आहे. झपाटलेला म्हणून नांवाजलेला एखादा जुना किल्ला, युद्धनौका अथवा लष्करी संग्रहालय निवडावयाचें, आणि तिकीट काढून आलेल्या मंडळींनीं तेथें रात्रभर भुतांचा शोध घ्यावयाचा, असा हा प्रकार. अपोलो ११ च्या चांद्रवीरांस १९६९ सालीं समुद्रांतून उचलून घेणारी आणि आतां कॅलिफोर्नियांत संग्रहालय होऊन राहिलेली 'हॉर्नेट' ही युद्धनौका तिच्या भुतांसाठींही प्रसिद्ध आहे. इंग्लंडांत २००२ सालीं सुरू झालेल्या 'मोस्ट हाँटेड' या दूरचित्रवाणीवरील मालिकेनें तर हा प्रकार घरोघर नेला. नाटकाप्रमाणें यासही प्रवेश आहेत, पात्रें आहेत, ठराविक संवाद आहेत. मग नाटकाप्रमाणें त्याची परीक्षा कां होऊं नये?

अशा रात्रींचीं चित्रमुद्रणें आम्हीं बरींच पाहिलीं, आणि स्थलपरत्वें त्यांत फारसा फरक आढळला नाहीं. आरंभीं कोणी माहितगार मंडळींस सर्वत्र फिरवून 'येथें पावलें वाजतात, त्या शिडीवर छाया दिसते' असें सांगून ठेवतो. मग दिवे मालवतात. विद्युच्चुंबकीय क्षेत्र मोजणारे मीटर, अंधारांत पाहणारे कॅमेरे, उष्णतामापक आणि ध्वनिमुद्रक मांडले जातात. एकजण मोठ्यानें विचारतो, 'येथें कोणी आहे काय? असेल तर खूण करा.' क्षणभर शांतता. कोठें तरी 'टक्' असा आवाज होतो. 'आभारी आहों. पुन्हां करून दाखवाल काय?' दुसरा 'टक्' झाला तर अंगावर कांटा उभा राहतो; न झाला तर आत्मा दमला असावा असें ठरतें. पहाटे चहा होतो आणि मंडळी आपापल्या घरीं जातात.

या 'टक्'ची मीमांसा अवघड नाहीं. दिवसा तापलेली धातूची वस्तु रात्रीं निवते. ॲल्युमिनियम हें पोलादाच्या सुमारें दुप्पट आकुंचन पावतें. तेव्हां जेथें हे दोन्ही एकमेकांस जखडलेले असतात तेथें ओढाताण होऊन आवाज निघावा यांत नवल नाहीं. विक टँडी या कॉव्हेंट्रीच्या अभियंत्यानें १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत आपल्या प्रयोगशाळेंतील भुताचा माग काढला. तेथील पंख्यामुळें सेकंदास सुमारें १९ कंपनांची, कानास ऐकूं न येणारी ध्वनिलहर उत्पन्न होत होती. अंगावर शहारा येणें, डोळ्यांच्या कडेस करडी आकृति भासणें, हे तिचेच परिणाम होत असें त्यानें प्रतिपादिलें. 'स्पिरिट बॉक्स' म्हणून जें यंत्र वापरतात तें तर रेडिओच्या एका केंद्रावरून दुसऱ्या केंद्रावर भराभर सरकत असतें. त्यांतून शब्दांचे तुकडे बाहेर पडतात, आणि ऐकणाराचें उत्सुक मन त्यांचें वाक्य बनवितें.

हें सर्व आम्हांस मान्य आहे. परंतु आमचे बुद्धिवादी मित्र येथें थांबतात, आणि आमची शंका येथूनच सुरू होते. आवाज तर रात्रीं प्रत्येकच हँगरांत होत असले पाहिजेत; मग भुताची गोष्ट अमक्याच एका विमानास कां चिकटावी? या प्रश्नासाठीं आम्ही एकच उदाहरण घेतों. आमच्या मतें तें सर्वांत बोलकें आहे.

इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यांत कॉसफर्ड येथें तेथील शाही विमानदलाचें संग्रहालय आहे. तें १९७९ सालीं लोकांस खुलें झालें. त्याच्या संग्रहांतील आरएफ ३९८ या क्रमांकाचें ॲव्हरो लिंकन जातीचें बाँबफेकें विमान झपाटलेलें आहे अशी ख्याति आहे. उड्डाणाचा पोषाख केलेला एक तरुण त्यांत दिसतो, असें सांगतात. कोणी त्याची शीळ ऐकली आहे. बाहेर हँगर गारठलेला असतां विमानाचें अंतरंग उबदार लागतें असेंही कित्येकांचें म्हणणें आहे. रात्रीं आंत ध्वनिमुद्रक ठेवले असतां त्यांत यंत्रांचे आणि माणसांचे आवाज उमटल्याच्या कथा आहेत. आपल्या लाडक्या विमानांत मेल्यावरही येऊन राहीन, असें एका वैमानिकानें बोलून ठेवलें होतें, असा या कथेचा एक पाठ आहे.

आतां त्या विमानाचा इतिहास पाहावा. लिंकन हें युद्धांत नांवाजलेल्या लँकेस्टर विमानाचें थोरलें रूप. त्याचें पहिलें उड्डाण जून १९४४ मध्यें झालें, आणि जपानवरील मोहिमेसाठीं तें योजिलें होतें. परंतु ऑगस्ट १९४५ मध्यें युद्धच संपलें. आरएफ ३९८ हें १९४५ सालचें. ना त्यानें जर्मनीवर बाँब टाकला, ना जपानवर. ज्या महायुद्धाची छाया आपण त्याच्यावर पाहतों, त्यांत त्याच्या आसनावर एकही तरुण मेला नाहीं. आणि तरीही युद्धकाळांतील वैमानिकाचें भूत राहावयास आलें तें येथें!

या गोष्टीस विसंगति म्हणून हंसतां येईल. आम्हांस मात्र येथेंच तिचें मर्म आहे असें वाटतें. दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडच्या बाँबफेक्या दलांत सुमारें १,२५,००० माणसें होतीं. त्यांतील ५५,५७३ मेलीं. म्हणजे दहांतून चारांहून अधिक. बहुतेक विशीच्या आसपासचे. विमान पडलें कीं जळे, अथवा समुद्रांत बुडे; पुष्कळांची माती घरच्यांस दिसलीही नाहीं. लंडनजवळ रनीमीड येथें १९५३ सालीं उभारलेल्या स्मारकावर, ज्यांची कबर ठाऊक नाहीं अशा वीस हजारांहून अधिक वैमानिकांचीं नांवें कोरलेलीं आहेत. त्यांत भर अशी कीं, युद्ध संपल्यावर या दलाविषयीं बोलण्यास राष्ट्र कचरूं लागलें. ड्रेस्डेनसारखीं शहरें जळालीं होतीं. बाँबखालीं मेलेले जर्मन नागरिक लाखांनीं मोजावे लागत होते. तो संकोच अनाठायीं होता असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु त्याचा परिणाम असा झाला कीं या दलास स्वतंत्र मोहीमपदक मिळालें नाहीं, आणि लंडनच्या ग्रीन पार्कांत त्याचें स्मारक उभें राहावयास २०१२ साल उजाडावें लागलें. सदुसष्ट वर्षें ज्या शोकास बसावयास राजधानींत जागा नव्हती, तो एका रिकाम्या विमानांत जाऊन बसला, असा आमचा तर्क आहे. विमान रिकामें होतें म्हणूनच तो तेथें मावला.

हा तर्क ज्यांस कवित्वाचा वाटेल त्यांनीं आपलाच इतिहास आठवावा. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु ते गेले अशी कित्येकांच्या मनाची खात्री पटेना. पार्वतीबाईंनीं वैधव्य पत्करलें नाहीं. पुढें भाऊ म्हणून एक तोतया उभा राहिला, त्याच्यामागें माणसें जमलीं, किल्ले त्याच्या हातीं गेले, आणि १७७६ सालीं त्याचा शेवट करावा लागला. तोतयाची धूर्तता कितीही मानली तरी ती एकटी एवढें बंड माजवूं शकती ना. ज्या घरांतून माणूस गेला आणि देह परतला नाहीं, त्या घरांच्या दारास आंतून कडी लावलेली नव्हती. म्हणून त्यास आंत शिरतां आलें. तोतया आणि भूत हीं एकाच उणिवेचीं अपत्यें आहेत. एक देहधारी, दुसरें विदेही, इतकाच भेद.

येथवर आम्ही गोष्टीच्या बाजूनें बोललों. आतां त्या गोष्टीवर जो रात्रींचा प्रयोग उभारतात, त्याजविषयीं आमचें मत वेगळें आहे.

आपल्याकडील भूतकल्पना कितीही भाबडी असो, तिच्या मुळाशीं एक माणुसकीचा विचार आहे. मुंजा म्हणजे मुंज होऊन सोडमुंज न झालेला पोरगा. अळवंत म्हणजे बाळंतपणांत गेलेली स्त्री. प्रत्येक भुताचें कांहीं तरी राहून गेलेलें असतें. म्हणून खेड्यांतला भगतसुद्धां अंगांत आलेल्या भुतास दोन प्रश्न विचारतो: 'तूं कोण?' आणि 'तुला काय पाहिजे?' दहाव्या दिवशीं कावळा पिंडास शिवेना झाला म्हणजे घाटावरचीं माणसें त्याच दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर धुंडाळतात. 'धाकटीचें लग्न आम्ही करूं', 'तुझ्या आईस अंतर देणार नाहीं', असें एकेक वचन हात जोडून देतात. कावळ्यास हें कळतें कीं नाहीं, हा प्रश्नच गौण आहे. वचन देणारास तें कळतें, आणि पुढें पाळावें लागतें.

संग्रहालयांतल्या रात्रीं हे दोन प्रश्न कसे होतात पाहा. 'तूं कोण?' हा क्वचित् विचारला जातो. पण त्याचें उत्तर 'होय' असेल तर एक टक्, 'नाहीं' असेल तर दोन, एवढ्यांतच बसवावें लागतें. 'तुला काय पाहिजे?' हा तर आमच्या कानीं जवळजवळ पडलाच नाहीं. त्याऐवजीं विचारतात, 'तूं आहेस काय?' म्हणजे मृतानें स्वतःचा पुरावा द्यावा, तोही पुन्हां पुन्हां, पाहुण्यांच्या समाधानासाठीं! ज्याच्यावर आपलें कांहीं देणें निघण्याचा संभव आहे त्याच्याकडूनच पावती मागावी, तसें हें आहे. आणि संग्रहालयांत हा प्रकार अधिकच खटकतो. अशा ठिकाणीं मृतांचीं पत्रें, उड्डाणवह्या, छायाचित्रें दिवसा कांचेआड मांडलेलीं असतात. सैनिक तेथें सविस्तर बोलत असतो. पण त्या वेळीं यंत्रें घेऊन कोणी येत नाहीं, आणि रात्रीं येतात ते दिवे मालवून येतात.

रसदृष्ट्याही हा प्रयोग फसतो. ओस घर आणि विकृत ध्वनि हे भयानकाचे विभाव भरतानेंच सांगितलेले आहेत. ते येथें आहेत, हें खरें. परंतु रस होण्यास भय आपल्या एकट्याचें राहून चालत नाहीं. नाटकांतील भयानें आपण दुसऱ्याच्या भयाशीं समरस होतों. या रात्रीं प्रत्येकजण आपल्याच छातीची धडधड मोजीत असतो. ज्याचें भय खरोखर मोठें होतें तो, जळत्या विमानांत दार शोधणारा पोर, कोणाच्या ध्यानांतही नसतो. त्या जागेचा खरा रस करुण होय. शोकाच्या जागीं भय बसविलें म्हणजे प्रेक्षक शहारतो, आणि शहारा ओसरला कीं मोकळा होतो. शोकानें इतक्या लवकर मोकळें होतां येत नाहीं. म्हणून तर त्यास तिकीट लावणें कठीण.

या रात्रींस जाणाऱ्यांची आम्ही टवाळी करीत नाहीं. संग्रहालयांस छपरें शाकारावीं लागतात आणि त्यांस पैसा लागतो, हेंही आम्हांस कळतें. जाणाऱ्यांत पुष्कळजण प्रामाणिक असतात. कित्येकांच्या घरचेंच कोणी गेलेलें असतें, आणि तें माणूस सर्वस्वीं नाहींसें झालेलें नाहीं एवढेंच त्यांस कोणाकडून तरी ऐकावयाचें असतें. त्यांची भूक खरी आहे. तीस दिलें जाणारें अन्न निकस आहे, एवढीच आमची तक्रार.

सकस अन्न कसें असतें, याचें एक उदाहरण देऊन हा लेख पुरा करतों. लिंकनशर परगण्यांत ईस्ट कर्कबी येथें युद्धकाळांतील एक विमानतळ आहे. फ्रेड व हॅरॉल्ड पँटन या दोघां शेतकरी भावांचा थोरला भाऊ ख्रिस्तोफर ३० मार्च १९४४ च्या रात्रीं न्यूरेंबर्गच्या हल्ल्यावर गेला. त्या एका रात्रींत ९५ विमानें परतलीं नाहींत, आणि तोही परतला नाहीं. धाकट्या भावांनीं पुढें तो विमानतळ घेतला, एनएक्स ६११ क्रमांकाचें एक लँकेस्टर विमान मिळविलें, आणि भावाच्या स्मरणार्थ तेथें संग्रहालय उभें केलें. त्या विमानाचीं चारही इंजिनें वर्षानुवर्षें खपून त्यांनीं पुन्हां चालूं केलीं. मौज अशी कीं हें विमानही एप्रिल १९४५ चें. तेंही जपानकरितां बांधलेलें, आणि तेंही त्या युद्धावर कधीं गेलें नाहीं. लिंकनप्रमाणेंच रिकामें. एका रिकाम्या विमानांत लोकांनीं भूत बसविलें. दुसऱ्यांत दोघां भावांनीं आपला भाऊ बसविला. 'तूं आहेस काय?' असें त्यांस विचारावें लागलें नाहीं. तो नाहीं हें त्यांस पक्कें ठाऊक होतें, आणि म्हणूनच त्याच्यासाठीं काय करावयाचें हेंही सुचलें.