यादवी आणि लहान पडदा

प्रभासतीर्थी आपसांत लढून नष्ट झालेल्या यादवकुळावरून मराठीला 'यादवी' हा शब्द मिळाला. परक्याशी होते ते युद्ध. एका पंगतीला बसणाऱ्यांत पेटते ती यादवी. शेक्सपिअरचे 'अँटनी अँड क्लिओपात्रा' आपल्याकडे प्रामुख्याने प्रेमाची शोकांतिका म्हणून वाचले जाते. वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी त्याचे मराठी रूपांतर केले तेव्हा 'वीरमणी आणि शृंगारसुंदरी' या नावातच दोन रस पुढे ठेवले. आमच्या मते मात्र हे नाटक आधी रोमन यादवीचे आहे, आणि त्याची ही बाजू भव्य रंगमंचापेक्षा लहान पडद्यावर अधिक स्पष्ट होण्याजोगी आहे.

या विचारास निमित्त ऑस्ट्रेलियाचे. तेथे दूरचित्रवाणी १९५६ मध्ये सुरू झाली आणि १९५९ मध्ये एबीसी या सार्वजनिक प्रसारण संस्थेने हे नाटक दूरचित्रवाणीवर आणले. त्या आरंभीच्या काळात तेथील नाटके बहुधा स्टुडिओतून थेट प्रक्षेपित होत. सिडनी आणि मेलबर्न यांना जोडणारी केबल १९६२ मध्ये आली. तोवर एका शहरातील प्रयोग दुसऱ्या शहरास दाखवायचा, तर पडद्यावरील चित्र फिल्मवर उतरवून धाडावे लागे. इकडे मूळ नाटकात बेचाळीस प्रवेश. कधी रोम, कधी अलेक्झांड्रिया, मध्येच सीरियाचे मैदान. एवढा पसारा कृष्णधवल चौकटीत बसवायचा म्हणजे धाडसच. भव्यता काढून घेतल्यावर या नाटकात उरते काय, असा आक्षेप त्यावर सहज घेता येईल.

त्याचे उत्तर संहितेतच आहे. ॲक्टियमची निर्णायक लढाई (इ. स. पू. ३१) रंगमंचावर घडतच नाही; तिचा पराभव पाहणारे येऊन सांगतात. क्लिओपात्राची सुप्रसिद्ध नौकाही आपल्याला दिसत नाही. एनोबार्बसच्या वर्णनातून ती कानांवर येते. म्हणजे भव्यता शब्दांत आहे. समोर आहेत ती एकमेकांना जोखणारी माणसे. पॉम्पीच्या गलबतावरील मेजवानी पाहावी. रोमचे तिघेही सत्ताधीश तेथे पाहुणे आहेत. दोर कापून गलबत समुद्रात न्यावे आणि तिघांचे गळे चिरावेत, असे मीनास धन्याच्या कानात सुचवतो. हे न विचारता केले असतेस तर मी वाखाणले असते, आता मात्र नाही म्हणणे भाग आहे, असे पॉम्पीचे उत्तर. जेवण आणि सुरी यांच्यातले हे अंतर कुजबुजीचे आहे, आणि कुजबूज टिपणे कॅमेऱ्याला उत्तम साधते.

ऑक्टेव्हिया हे त्याहून मोठे उदाहरण. सीझरची बहीण, अँटनीची पत्नी. भावाच्या विजयासाठी प्रार्थना करावी तर सासर बुडते, पतीसाठी करावी तर माहेर. नाटककाराने तिला थोडेच शब्द दिले आहेत, म्हणून मोठ्या रंगमंचावर क्लिओपात्रेच्या तेजापुढे ती झाकोळते. जवळून घेतलेल्या चित्रात तिचे मौनही बोलू लागेल. तिचे दुःख आपल्या घरांतील लेकीसुनांना समजावून सांगावे लागणार नाही.

एनोबार्बसचेही तसेच. हरणारा पक्ष सोडण्याचा त्याचा हिशेब चोख असतो. परंतु अँटनी त्याची मागे राहिलेली सारी संपत्ती निरोपासह पाठवून देतो, आणि त्या औदार्यानेच तो मरतो. बाजू बदलणारा माणूस सुटत नाही, हे यादवीचे सत्य एका चेहऱ्यावर मावते.

या माध्यमात काही गमावतेही. इजिप्तचा रंग, दरबाराची सुस्ती, क्लिओपात्रेचे क्षणाक्षणाला पालटणारे रूप यांना मोकळी जागा लागते. शृंगार शोधणाऱ्या प्रेक्षकास हे रूप कोरडे वाटेल, हे आम्ही मान्य करतो. यादवी शोधणाऱ्यास मात्र ते पुरेसे आहे.

शेवटी अँटनी मेल्याची वार्ता येते तेव्हा सीझर, म्हणजे पुढचा सम्राट ऑगस्टस, अश्रू ढाळतो. ते ढोंग की खरे, यावर समीक्षकांत मतभेद आहेत. आमच्या मते ते खरे असावेत. मेलेला शत्रू त्याचा मेहुणाही होता. परक्याला जिंकल्यावर गुढी उभारता येते. यादवी जिंकणाऱ्याच्या घरात आधी सुतक येते.